वार्धक्यातील चालणे आणि जीवनाचे समाधान
(महाजन कुटुंबांच्या मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



देवस्थानचा मेळावा भरतो तेव्हा पुढच्या रांगेत घराघरांतील ज्येष्ठ मंडळी बसलेली असतात. या पिढीचे आयुष्य मुख्यतः पायांवर गेले आहे. खानापूर आणि लोंढा यांच्या दरम्यान, सह्याद्रीच्या पूर्वेच्या अंगास वसलेल्या गुंजीला रेल्वेचे स्थानक लाभले. तथापि शेत, रान, शाळा, बाजार आणि सोयऱ्यांचे गाव ही बहुतेकांना पायांनीच गाठावयाची ठिकाणे होती. चालणे हा त्या काळी व्यायाम नव्हता, ते जगणेच होते. पुढे कुटुंबांची पांगापांग झाली. कोणी बेळगावास, कोणी हुबळीस, कोणी गोव्यात, पुण्यात वा मुंबईत स्थायिक झाले. दाराशी वाहन आले, पाणी नळाने आले, वाणसामान निरोप देताच घरपोच येऊ लागले. या सुखसोयींत वावगे काहीच नाही. परंतु त्यांच्याबरोबर चालणे नकळत आयुष्यातून निसटले, आणि त्याची किंमत उतारवयात चुकवावी लागते.

आयुष्याची लांबी वाढली आहे, ही आनंदाची गोष्ट होय. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या १० कोटी ३८ लाखांच्या घरात होती. म्हणजे दर शंभरांत सुमारे साडेआठ माणसे ज्येष्ठ होती. परंतु किती वर्षे जगलो, यापेक्षा किती वर्षे स्वतःच्या पायांवर जगलो, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. वाढलेली वर्षे खाटेवर जाणार असतील, तर त्या वाढीचे समाधान ना वृद्धास, ना घरच्यांस. म्हणून या व्याख्यानाचा विषय एकच आहे : वृद्धाचे चालणे टिकविणे म्हणजे त्याचे स्वातंत्र्य टिकविणे, आणि हे काम एकट्या वृद्धाचे नसून साऱ्या कुटुंबाचे व समाजाचे आहे.

चालणे म्हणजे काय?

चालणे ही क्रिया इतकी सवयीची आहे की तिच्यामागील कारागिरी ध्यानात येत नाही. प्रत्येक पाऊल टाकताना देहाचा सारा भार क्षणभर एका पायावर येतो. तो तोलावयास मांडीचे व पोटरीचे स्नायू बळकट हवेत, गुडघे व खुबे मोकळे हवेत. पुढचा खड्डा डोळ्यांनी टिपावा लागतो, तळव्यांनी जमीन ओळखावी लागते, कानाच्या आतील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाने इशारा द्यावा लागतो आणि मेंदूने या सर्वांचा मेळ घालावा लागतो. शिवाय हृदयाने व फुप्फुसांनी रक्त आणि प्राणवायू वेळेवर पोचवावा लागतो. यांपैकी एकही अवयव कुचराई करू लागला की चाल मंदावते. म्हणूनच चालण्याची गती हा देहाच्या एकंदर कारभाराचा ताळेबंद आहे, असे म्हणता येईल.

वैद्यकशास्त्राने हा ताळेबंद मोजूनही पाहिला आहे. स्टेफनी स्टुडेन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली नऊ निरनिराळ्या पाहण्या एकत्र करून ६५ वर्षांवरील ३४,४८५ व्यक्तींची माहिती तपासली. ज्यांची नेहमीची चाल अधिक जलद, त्यांचे आयुर्मान सर्वसाधारणपणे अधिक, असे त्यांना आढळले. सेकंदाला ०.१ मीटर एवढ्या लहानशा फरकानेही आयुर्मानाच्या अंदाजात फरक पडत होता. याचा अर्थ धावाधाव केली की आयुष्य वाढते, असा मात्र मुळीच नव्हे. चाल ही खूण आहे. ज्वर मोजणारी नळी ताप आणत नाही, ती ताप दाखविते; त्याप्रमाणेच चालही आतल्या बळाचा अंदाज देते.

हे मोजमाप घरच्या घरी करता येते. सपाट जागेवर चार मीटर, म्हणजे सुमारे तेरा फूट, अंतर खडूने आखावे. आखणीच्या दोन-तीन पावले मागून नेहमीच्या गतीने चालू लागावे आणि मधल्या चार मीटरांस किती सेकंद लागतात ते घड्याळावर पाहावे. चार सेकंद लागले तर गती सेकंदाला एक मीटर झाली. पाच सेकंद लागले तर ०.८ मीटर. आशियाई देशांतील तज्ज्ञांच्या गटाने २०१९ साली सेकंदाला एक मीटरपेक्षा कमी गती ही स्नायू दुर्बल होत असल्याची एक खूण मानली आहे. दुसरी परीक्षा अशी : खुर्चीवरून उठावे, तीन मीटर चालत जावे, वळून परत यावे आणि पुन्हा बसावे. यास बारा सेकंद वा त्याहून अधिक वेळ लागत असेल तर पडण्याचा धोका वाढला आहे, असे समजून वैद्याचा सल्ला घ्यावा. या परीक्षांच्या वेळी शेजारी कोणीतरी उभे असावे, हे सांगावयास नकोच.

आकसत जाणारे वर्तुळ

जागतिक आरोग्य संघटनेने जीवनाच्या गुणवत्तेचा विचार करताना शरीर, मन, सामाजिक संबंध आणि भोवतालची परिस्थिती अशी चार अंगे मानली आहेत. चालण्याचा संबंध या चारही अंगांशी आहे. पाय थकले की माणसाचे जग हळूहळू आकसू लागते. आधी परगावचे लग्नकार्य सुटते. मग खानापूरचा बाजार सुटतो. मग गावातल्या गावात मित्राच्या ओट्यावर जाऊन बसणे सुटते, देवळात जाणे सणावारापुरते उरते. पुढे अंगण, मग सोपा, मग माजघर आणि शेवटी खाट. प्रत्येक टप्प्यावर एकेक माणूस, एकेक गप्पांचा विषय, एकेक जबाबदारी मागे राहते. ज्याला कोणी भेटत नाही त्याला सांगण्यासारखे काही घडत नाही, आणि ज्याच्यापाशी सांगण्यासारखे काही नाही त्याच्याजवळ बसावयास कोणी येत नाही. वार्धक्यातील उदासपणाचे मूळ कित्येकदा मनापेक्षा पायांत असते.

या आकसण्यास घरच्यांची मायाही हातभार लावते, हे थोडे कठोर वाटले तरी सांगणे अवश्य आहे. "तुम्ही बसा, पाणी आम्ही आणून देतो," "उन्हात कशाला जाता?", "पडलात तर करायचे कोणी?" असे बोलणाऱ्या मुला-सुनांच्या मनात काळजीच असते. परंतु उठण्याची प्रत्येक संधी हिरावून घेतली की उठण्याची शक्तीही जाते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, सरासरी ६७ वर्षे वयाच्या बारा निरोगी व्यक्तींना दहा दिवस अंथरुणावर ठेवले असता त्यांच्या पायांतील स्नायूंचे वजन सुमारे एक किलोने घटले. त्यांना आजार कोणताच नव्हता. केवळ विश्रांतीने हे झाले. मग ताप वा शस्त्रक्रिया यांच्या निमित्ताने महिनाभर पडून राहिलेल्या वृद्धाची स्थिती काय होत असेल, याची कल्पना करावी. दुखणे बरे होते, परंतु पाय परत येत नाहीत, असे जे म्हणतात त्याचे रहस्य हेच आहे. यास्तव आजारपणानंतर वैद्याने परवानगी देताच, हात धरून का होईना, पण वृद्धास उठवावे आणि चालवावे.

महाराष्ट्रातील दोन पदयात्री

पायांवर विश्वास ठेवणाऱ्या वार्धक्याची थोर उदाहरणे मराठी मुलखातच आहेत. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा. वयाच्या सतराव्या वर्षाच्या सुमारास ते परीक्षेस बसण्यासाठी कोकणातील मुरुडहून घाट चढून साताऱ्यास पायी गेले होते; आणि तेथे, वयाने फार लहान दिसतो म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. निराशा पदरी आली, पण चालणे सुटले नाही. १९०० साली त्यांचा आश्रम पुण्याबाहेर हिंगण्यास गेला, तेव्हा फर्ग्युसन महाविद्यालयातील अध्यापन आटोपून ते चिखलवाट तुडवीत हिंगण्यास जात. १९३६ साली त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले आणि ऐंशीच्या घरात असताना त्यासाठी घरोघर फिरून लहान लहान वर्गण्या गोळा केल्या. १९५८ साली, शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला, आणि १९६२ साली १०४ वर्षांचे आयुष्य पुरे करून ते गेले.

दुसरे उदाहरण आचार्य विनोबा भावे यांचे. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूदानाचा उगम झाला तेव्हा विनोबा ५५ वर्षांचे होते. सरकारी नोकरीतला माणूस ज्या वयात निवृत्तीचा हिशेब मांडू लागतो, त्या वयात त्यांनी देशभर चालावयास आरंभ केला. आणि सुमारे तेरा वर्षांनी, १९६४ साली, ते पवनारला परतले तेव्हा त्यांनी अडुसष्टी गाठली होती. त्यांची प्रकृती पहिलवानाची नव्हती. पहाटे लवकर निघावे, ठरलेला टप्पा गाठावा, दिवसा लोकांशी बोलावे आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा निघावे, हा नेम मात्र त्यांनी वर्षानुवर्षे पाळला.

या दोघांना दीर्घायुष्य केवळ चालण्याने लाभले, असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. आहार, संयम, कुलपरंपरा अशी कितीतरी कारणे त्यामागे असू शकतात. परंतु त्यांच्या चालण्यात एक गोष्ट समान होती : ते कोणाकडे तरी, कशासाठी तरी चालत होते. हेतू असला म्हणजे पाय उचलतात. वृद्धास नुसते "फिरून या" म्हणण्यापेक्षा एखादे छोटे काम सोपवावे, हा बोध त्यातून घेण्यासारखा आहे.

वारीची शिस्त

सामान्य माणसाच्या चालण्याचा सर्वात मोठा आदर्श पंढरीची वारी होय. आळंदीहून पंढरपूरपर्यंतचे सुमारे २५० किलोमीटरांचे अंतर माउलींची पालखी अडीच आठवड्यांहून थोड्या अधिक काळात पुरे करते. बेळगाव-खानापूर भागातूनही दिंड्या पंढरपुरास पायी जातात. या वाटचालीत साठी-सत्तरी ओलांडलेले वारकरी आणि डोईवर तुळस घेतलेल्या वृद्ध माता मोठ्या संख्येने असतात. एरवी घरात गुडघे धरून बसणारा माणूस दिंडीत इतके कसे चालतो, याचे पुष्कळांना आश्चर्य वाटते.

त्याचे उत्तर वारीच्या रचनेत आहे. रोजचा टप्पा ठरलेला असतो, तो कोणाच्या लहरीवर अवलंबून नसतो. वाटेत विसावे असतात आणि काही गावी दोन दिवसांचा मुक्काम पडतो, त्यामुळे थकलेल्या स्नायूंस उसंत मिळते. टाळ-मृदंगाच्या ठेक्याने पावलास एकसारखी लय येते. पुण्याहून सासवडास जाताना दिवे घाटाची चढण लागते, तेथे देहाची कसोटी होते; परंतु मागेपुढे माणसे असल्याने एकटेपणाचे भय नसते. नेम, विसावा, लय आणि सोबत या चार गोष्टी वारीने शतकानुशतके सांभाळल्या. आजचा व्यायामतज्ज्ञ वृद्धांना जो सल्ला देतो तो यांहून फारसा निराळा नाही. मात्र वर्षभर बसून राहून एकदम दिंडीत उतरणे धोक्याचे. जुने वारकरी पाहावेत, ते वर्षभर शेतात राबत असत. वारीची तयारी त्यांच्या रोजच्या जगण्यातच झालेली असे.

उशीर झाला काय?

"आता सत्तरी उलटली, आता चालून काय होणार?" असा प्रश्न हमखास विचारला जातो. अमेरिकेत ७० ते ८९ वर्षे वयाच्या १,६३५ दुर्बल व्यक्तींवर झालेल्या एका मोठ्या प्रयोगाने त्याचे उत्तर २०१४ साली दिले. या व्यक्तींचे दोन गट पाडण्यात आले. एका गटाने नियमाने चालण्याचा, तसेच पायांच्या बळाचा व तोलाचा व्यायाम केला. दुसऱ्या गटाला आरोग्यविषयक व्याख्याने ऐकविण्यात आली. सरासरी २.६ वर्षांनी पाहिले तेव्हा ४०० मीटर चालण्याची शक्ती गमावलेल्यांचे प्रमाण व्याख्याने ऐकणाऱ्यांत शेकडा ३५.५, तर चालणाऱ्यांत ३०.१ होते. फरक चमत्काराचा नाही, पण खरा आहे. आणि केवळ व्याख्यान ऐकून भागत नाही, हा त्यातील धडा आजच्या श्रोत्यांनीही ध्यानी घ्यावा.

रोज दहा हजार पावले चाललीच पाहिजेत, असा एक समज पसरला आहे. या आकड्याचा उगम १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावात आहे; तो कोणा वैद्याने घालून दिलेला दंडक नव्हे. सरासरी ७२ वर्षे वयाच्या १६,७४१ स्त्रियांची पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तीत दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण स्पष्टपणे कमी आढळले, आणि सुमारे ७,५०० पावलांनंतर त्यात आणखी घट दिसली नाही. म्हणजे आज जो अंगणापर्यंत जातो त्याने वेशीपर्यंत जावे, हाच खरा नियम.

आरंभ कसा करावा?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या सल्ल्यानुसार आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल व्हावी, आणि ज्येष्ठांनी आठवड्यातून तीन दिवस तोल व बळ वाढविणारे व्यायामही करावेत. मध्यम श्रम ओळखण्याची सोपी खूण अशी की चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. ज्याची सवय मोडली आहे त्याने सकाळ-संध्याकाळ पाच पाच मिनिटांनी आरंभ करावा आणि दर आठवड्यास थोडी भर घालावी. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून पाच-सात वेळा उठणे-बसणे, भिंतीस हात लावून टाचा उचलणे, खांब धरून क्षणभर एका पायावर उभे राहणे, एवढ्यानेही मांड्यांना बळ येते.

या भागातील पावसाळा दांडगा. पायवाटा निसरड्या होतात, फरशीवर शेवाळ धरते. म्हणून चार महिने चालणे बंद ठेवण्याचे कारण नाही; सोप्यात, पडवीत वा सभामंडपात येरझाऱ्या घालाव्यात. झिजलेल्या तळाच्या चपला टाकून द्याव्यात. काठी घेण्यात कमीपणा मानू नये. दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात ती धरावी, आणि हात सरळ सोडला असता तिची मूठ मनगटाशी यावी.

मधुमेही मंडळींनी विशेष जपावे. या आजारात तळव्यांची संवेदना कमी होते आणि दुपारी तापलेल्या दगडावर अनवाणी प्रदक्षिणा घालताना पाय भाजला तरी कळत नाही. त्यांनी प्रदक्षिणा सकाळी, फरशी थंड असताना घालावी आणि घरी येऊन तळवे उजेडात तपासावेत. चालताना छातीत दाटून येणे, पोटरी दुखून थांबावे लागणे, उठताच डोळ्यांपुढे अंधारी येणे, चाल अचानक बदलणे ही वयाची लक्षणे म्हणून सोडून देऊ नयेत. त्यांमागे हृदयाचा, रक्तवाहिन्यांचा वा मेंदूचा विकार, किंवा चालू असलेले एखादे औषधही असू शकते. मोतीबिंदूमुळे पायरी न दिसणारा माणूस चालण्यास भितो; तेथे दोष पायांचा नसून डोळ्यांचा असतो, आणि तो दूर करता येतो.

देवस्थान आणि समाज यांचे कर्तव्य

आपल्या पूर्वजांनी देवळाभोवती प्रदक्षिणेची वाट ठेवली. सावली, परिचित माणसे, सपाट जमीन आणि मनाला प्रिय असा हेतू, हे सारे एका ठिकाणी मिळणारी याहून चांगली चालण्याची जागा खेड्यात दुसरी नाही. ती वृद्धांसाठी निर्धोक ठेवणे हे महाजनांचे कर्तव्य ठरते. पायऱ्यांना धरावयास कठडा, पावसाळ्यात शेवाळ घासण्याची व्यवस्था, उन्हाळ्यात वाटेवर काथ्याची चटई, ठरावीक अंतरावर टेकावयास उंच ओटा, संध्याकाळी पुरेसा उजेड आणि जवळच स्वच्छतागृह, एवढ्या गोष्टींस फार मोठा निधी लागत नाही. शिखराच्या रंगकामासाठी वर्गणी देणाऱ्या हातांनी कठड्यासाठीही द्यावी. ज्या वृद्धेला पायऱ्या चढवत नाहीत म्हणून जत्रेच्या दिवशी बाहेरूनच हात जोडावे लागतात, तिला गाभाऱ्यापर्यंत पोचविणारा कठडा हीदेखील सेवाच होय.

बाहेरगावी राहणाऱ्या महाजन कुटुंबांनीही एक नेम करावा. जत्रेस गावी आल्यावर आजी-आजोबांना वाहनातून थेट दारात उतरवून तसेच परत नेऊ नये. नातवंडांनी त्यांचा हात धरून गावातून एक फेरी मारावी. कोणते घर कोणाचे, कोणत्या वाटेने शाळेस जात असू, विहीर कोठे होती, हे आजोबा चालता चालता सांगतील. त्यात आजोबांचे पाय चालतील, स्मरण चालेल आणि कुळाचा इतिहासही पुढे चालेल.

वार्धक्य कोणास चुकत नाही. आज जो तरुण आईला "बस" म्हणतो, त्यालाही उद्या कोणी बसावयास सांगणार आहे. म्हणून घराघरांतून "बसा" या शब्दाऐवजी "चला, मी बरोबर येतो" हे शब्द ऐकू यावेत. सर्व ज्येष्ठ मंडळींची पावले अखेरपर्यंत आपल्या गावच्या वाटेवर चालती राहोत आणि माउलीच्या दर्शनास ती स्वतःच्या बळाने येत राहोत, हीच श्रीचरणी प्रार्थना.